जुन्या-नव्याचा मिलाफ

पहांटे साडेपांच वाजतां टेलिफोनची घंटा वाजली म्हणजे आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत सर्वांच्याच छातींत धस्स होतें. २०२३ सालच्या जुलै महिन्यांत अशीच एक घंटा वाजली. फोन बेल्जममधून होता. लूव्हेन शहरीं नोकरीनिमित्त राहणारा माझा पुतण्या बोलत होता. "काका, आईबाबांना उठवूं नका, आणि आजीला तर मुळींच कळूं देऊं नका," हे त्याचे पहिले शब्द. त्याच्याकडे तेव्हां रात्रीचे दोन वाजले होते.

झालें होतें तें असें. त्याच्या बिऱ्हाडाच्या जिन्याखालीं एक लांकडी कपाट होतें. त्यांत त्यानें स्वतः घरीं तयार केलेल्या बिअरच्या चाळीस-पन्नास बाटल्या ठेवल्या होत्या. त्या रात्रीं त्यांतली एक फुटली, तिच्या धक्क्यानें दुसरी, आणि पाहतां पाहतां अर्धेंअधिक कपाट फुटून कांचांचा पाऊस जिन्यावर पडला. त्याच्या तळहाताला चार टांके पडले. पण त्याचा आवाज कांपत होता तो त्या टांक्यांमुळें नव्हे. शेजारच्या बिऱ्हाडांतली पांच वर्षांची मुलगी रोज दुपारीं त्याच जिन्यावर बाहुल्या मांडून खेळत असे. हा स्फोट रात्रीं दोनला न होतां दुपारीं दोनला झाला असता तर, या एका विचारानें तो पोरगा खचून गेला होता.

आमच्या घरांत दारूचा थेंब कधीं आलेला नाहीं. पुतण्या परदेशीं बिअर पितो हें कोणास ठाऊक नव्हतें. तो ती घरीं करतो हें तर कोणाच्या स्वप्नींही आलें नसतें. तेव्हां या विषयावर या पानांतून लिहितांना माझ्याही मनाला संकोच वाटतो, हें प्रथमच सांगून टाकतों. हा लेख मद्याची भलावण करण्यासाठीं नाहीं. परंतु ज्या वस्तूनें आमच्या घरांतल्या मुलाचा हात कापला आणि घरांत चार दिवस चूल धड पेटूं दिली नाहीं, ती वस्तु आहे तरी काय, तिचें शास्त्र कोणतें, आणि बाटल्या फुटल्या त्या कां, हें समजून घेणें मला भाग पडलें. तीस वर्षें रसायनशास्त्र शिकविलेल्या माणसाला तेवढा मोह क्षम्य असावा. त्या शोधांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवतों.

घरोघरचें किण्व

आंबविणें ही क्रिया आपल्या घरांना नवी नाहीं. रात्रीं दुधाला विरजण लावून सकाळीं दहीं काढणारी गृहिणी कोट्यवधि सूक्ष्म जंतूंकडून काम करून घेत असते. हे जंतु दुधांतली साखर खाऊन तिचें दुग्धाम्ल करतात, आणि त्या आंबटपणानें दूध घट्ट होतें. इडलीचें पीठ फुगतें तें अशाच जंतूंनीं सोडलेल्या वायूनें. मद्य होतें तें यीस्ट नांवाच्या एकपेशीय बुरशीमुळें. ती साखर खाते व तिचें मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायु यांत रूपांतर करते. मद्यार्क द्रवांत राहतो, आणि वायूला वाट मिळाली नाहीं तर त्याचा फेंस होतो.

इतकेंच काय, ज्या घरांत दारूचें नांव काढत नाहींत त्याच घरांतल्या औषधांच्या फडताळांत द्राक्षासवाची वा दशमूलारिष्टाची बाटली सुखानें नांदत असते. आसव-अरिष्टें म्हणजे धायटीचीं फुलें वगैरे घालून आंबविलेलीं औषधेंच. त्यांत आपोआप उत्पन्न झालेला मद्यार्क असतो. आपल्या प्राचीनांना हें सर्व नीट ठाऊक होतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत सुरेचे मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु असे प्रकार दिले आहेत, आणि कुटुंबवत्सल गृहस्थांनीं मंगलकार्याच्या प्रसंगीं श्वेतसुरा व औषधासाठीं अरिष्ट घरीं करण्यास हरकत नाहीं, असा नियमही घातला आहे. सुरेसाठीं लागणारें किण्व निवडण्याचें काम स्त्रियांनीं व मुलांनीं करावें, असेंही तेथें म्हटलें आहे. यावरून घरीं करणें व सरकारनें त्यास मर्यादा घालणें, या दोन्ही गोष्टी किती जुन्या आहेत तें दिसून येईल.

या मर्यादा देशोदेशीं निरनिराळ्या आहेत. इंग्लंडांत १८८० च्या कायद्यानें घरीं बिअर करणाऱ्याला परवाना घ्यावा लागे. ती अट १९६३ सालीं रद्द झाली. अमेरिकेंत घरगुती बिअरवरील बंधन १९७८ च्या कायद्यानें सैल झालें. आपल्याकडे मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून घरीं दारू करणें हा गुन्हा आहे. तेव्हां पुढील मजकूर वाचून कोणा उत्साही तरुणानें घागर चुलीवर चढवूं नये, ही विनंती.

कौलांखालीं निवणारा काढा

अपघातानंतर पुतण्या आणि मी यांच्यांत बरेच दिवस पत्रव्यवहार झाला. शेवटीं तो म्हणाला, "काका, मी ज्यांची नक्कल करायला गेलों त्यांचें काम तुम्ही एकदां डोळ्यांनीं पाहा. मग मला काय बोलायचें तें बोला." २०२४ च्या जानेवारींत मला तिकडे जाण्याचा योग आला, आणि कडाक्याच्या थंडींत आम्ही दोघे ब्रुसेल्सच्या आंडरलेख्त भागांतील एका जुनाट इमारतींत शिरलों. हा कांतियों कुटुंबाचा कारखाना. १९०० सालीं स्थापन झालेला, आणि गंमत अशी कीं आरंभीं तेथें बिअर तयारच होत नसे. दुसऱ्यांकडून ती आणून मुरवायची व तिचें मिश्रण करायचें, एवढाच मूळचा धंदा. १९७८ पासून तेथें संग्रहालयही आहे. मोठ्या कारखान्यांच्या स्वस्त मालापुढें असे छोटे कारखाने पटापट बंद पडत होते. तेव्हां कांतियोंचे जावई ज्यां-पिएर व्हान रॉय यांनीं लोकांना आंत येऊन पाहूं दिलें, आणि त्यामुळें हा कारखाना तगून राहिला.

या पेयाला लांबिक म्हणतात. दोन भाग मोड आणून वाळविलेले जव आणि एक भाग कच्चा गहूं, असें साधारण प्रमाण. मोड आलेल्या धान्यांत पिठाची साखर करणारें द्रव्य असतें. तें धान्य भरडून ऊन पाण्यांत मुरविलें म्हणजे गोड काढा निघतो. त्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें घालून तो तासन्‌तास उकळतात. इतर बिअरींत हॉप ताजे घालतात, कारण त्यांचा कडवटपणा व वास हवा असतो. येथें मात्र दोन-तीन वर्षें ठेवून जुने केलेले हॉप वापरतात. त्यांतला कडवटपणा गेलेला असतो, पण नको ते जंतु आवरण्याचा गुण राहिलेला असतो.

खरा चमत्कार यापुढें. इतरत्र काढा निवतांच त्यांत जोपासलेलें यीस्ट घालतात. पाश्चरनें १८७६ सालीं बिअरवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८८३ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत हान्सेननें एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखविलें. तेव्हांपासून जगभरच्या कारखान्यांनीं हीच वाट धरली. लांबिकवाले मात्र विरजण लावीतच नाहींत. माळ्यावर, थेट कौलांखालीं, तांब्याचें एक भलें मोठें उथळ ताट असतें. उकळता काढा त्यांत सोडून देतात आणि रात्रभर भिंतींतल्या फटी उघड्या ठेवतात. बाहेरचा वारा त्यावरून वाहतो. हवेंतले, तुळयांवरचे, भिंतींवरचे जंतु त्यांत उतरतात, आणि सकाळीं तो काढा लांकडी पिंपांत भरतात. ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या आरंभापर्यंतच हें काम चालतें, कारण उन्हाळ्यांत नको त्या जंतूंचा सुळसुळाट फार.

पिंपांची ती कोठी आमच्या वहिनींनीं पाहिली असती तर त्यांनीं आधीं केरसुणी मागविली असती. पिंपांवर धूळ, तुळयांना कोळ्यांचीं जाळीं. कोळी मारावयाचे नाहींत असा तेथें दंडकच आहे. मुरत असलेल्या पेयाच्या वासानें उन्हाळ्यांत चिलटें येतात, तीं पेयांत पडलीं तर तें आंबून शिरका होण्याची भीति. तीं चिलटें कोळी खातात. लोणच्याच्या बरणीला फडकें बांधणाऱ्या आपल्या आजीबाई आणि हे कोळी यांचें काम एकच.

पिंपांत पुढें काय होतें तें शास्त्रज्ञांनीं आतां चांगलें तपासलें आहे. पहिल्या महिन्याभरांत आंतड्यांतल्या जंतूंच्या जातीचे कांहीं जंतु धुमाकूळ घालतात. मग नेहमींचें यीस्ट येऊन बरीचशी साखर संपवितें व मद्यार्क करतें. त्यानंतर उन्हाळ्याच्या सुमारास दुग्धाम्ल करणारे जंतु जोर धरतात, आणि या अवस्थेंत कधीं कधीं सारें पिंपच्या पिंप तेलासारखें तारदार, बुळबुळीत होतें. तिकडे त्यास पेय आजारी पडलें असेंच म्हणतात. नवशिका असेल तर तें गटारांत ओतून देईल. जाणता माणूस पिंपाला हातही लावीत नाहीं. कांहीं महिन्यांनीं ब्रेटॅनोमायसीस नांवाचें रानटी यीस्ट ती बुळबुळ खाऊन टाकतें, पेय पुन्हा नितळ होतें, आणि त्याला जुनाट लांकडाचा, ओल्या गवताचा असा कांहीं एक वास येतो. या यीस्टचा शोध कार्ल्सबर्गच्याच क्लाउसन यानें १९०४ सालीं इंग्रजी मुरलेल्या बिअरींत लावला, म्हणून त्याच्या नांवांत ब्रिटनचें नांव आहे. त्याची एक जात मात्र आज ब्रुसेल्सच्या नांवानें ओळखली जाते.

एक, दोन आणि तीन वर्षें

आतां मिश्रणाकडे वळूं. एका पिंपांतलें लांबिक दुसऱ्यासारखें कधींच नसतें. एकाच दिवशीं एकाच ताटांतून भरलेलीं दोन पिंपें दोन भावांसारखीं निरनिराळीं निघतात. एक शांत, एक तिखट. एकाला फळाचा वास, तर दुसऱ्याला नुसता आंबटपणा. म्हणून बहुतेक लांबिक तसेंच विकत नाहींत. त्याचें मिश्रण करून ग्योझ नांवाचें पेय करतात. एक वर्षाचें, दोन वर्षांचें आणि तीन वर्षांचें लांबिक एकत्र करून बाटल्यांत भरतात. तीन वर्षांच्यांत वास व गंभीर चव असते, पण साखर संपलेली असल्यामुळें जोम नसतो; बाटलींत भरलें तर तें निपचित पडून राहील. एक वर्षाच्यांत अजून साखर शिल्लक असते. तें एकटें प्यालें तर उथळ व ओबडधोबड लागतें, पण फेंस उत्पन्न करण्याची शक्ति त्याच्यांतच असते. दोन वर्षांचें या दोघांना सांधून घेतें. बुचें मारलेल्या जाड बाटल्या आडव्या रचून महिनोन्‌महिने ठेवल्या म्हणजे जुन्यांतलें रानटी यीस्ट नव्यांतली साखर सावकाश खातें, आणि शँपेनसारखा बारीक फेंस तयार होतो. बाहेरून साखर नाहीं, यीस्ट नाहीं, वायु नाहीं.

हें प्रमाण कोठें लिहून ठेवलेलें नसतें. मिश्रण करणारा पिंपामागून पिंप चाखतो, हीं दहा घ्यावीं, तीं तीन सोडावीं, असें ठरवितो. शिरक्याकडे झुकलेलें पिंप तो बाजूलाच काढतो, कारण चांगल्यांत मिसळून वाईट सुधारत नाहीं. सगळेंच वाईट होतें. उणें-अधिक असेल तें मिश्रणानें समतोल होतें, नासलेलें मात्र मिश्रणानें सुधारत नाहीं, हा या धंद्याचा पहिला नियम. हा नियम आमच्या घरीं दुधाच्या पातेल्यापाशीं रोज ऐकूं येतो.

शेवटीं तेथें प्रत्येक पाहुण्याला एक लहान पेला देतात. मीं तो ओठांना लावला; खोटें कशाला बोलूं? कच्च्या कैरीचा आंबटपणा, त्यामागें जुन्या लांकडी पेटींतला वास, गोडी नांवालाही नाहीं. मला तें आवडलें असें म्हणवत नाहीं. पण तीन हिवाळ्यांची वाट पाहून कोणी केलेली वस्तु आहे, हें जिभेला कळलें. घरीं परतल्यावर ही गोष्ट मीं आईला सांगितली. ती एवढेंच म्हणाली, "सांगितलेंस हें बरें केलेंस."

बाटल्या कां फुटल्या

आतां त्या जुलैच्या रात्रीकडे परत जाऊं. पुतण्यानें घरीं वीस-वीस लिटरचे घाणे काढले होते. एक साध्या यीस्टनें आंबविलेला फिकट घाणा. तो त्याला फार गोड वाटला. दुसरा वर्षभर ठेवलेला, रानटी यीस्टचा. तो इतका आंबट झाला कीं पिववेना. वाचलेल्या माहितीवरून त्यानें दोन्हींचें मिश्रण करण्याचें ठरविलें. पद्धत त्यानें चोख पाळली. कांचेच्या मापानें शंभर मिलिलिटरचे नमुने केले. पहिल्यांत अर्धेंअर्धें, दुसऱ्यांत दोनास एक, तिसऱ्यांत तिनास एक, असें करून चाखलें, वहींत टिपलें, दुसऱ्या दिवशीं जीभ ताजी असतांना पुन्हा चाखलें. दोन भाग फिकट व एक भाग आंबट हें प्रमाण उत्तम ठरलें. मग त्यानें तेंच प्रमाण सबंध घाण्यास लावलें, नेहमींप्रमाणें फेंसासाठीं मोजून साखर घातली, साध्या बिअरच्या बाटल्या भरल्या, आणि जिन्याखालीं ठेवून दिल्या. दोन महिन्यांनीं त्या फुटल्या.

त्या सकाळीं मी अंगणांत येरझारा घालीत होतों. साखर मोजून घातली होती, बाटल्या धुतलेल्या होत्या, मग फुटल्या कशा? आई ओसरीवर तांदूळ निवडीत बसली होती. तिचें वय ब्याऐंशी. पहांटेची घंटा तिनें ऐकली नसेल हें शक्यच नव्हतें. तिनें मला हांक मारली आणि म्हणाली, "काय झालें तें सांग. लपविलेंस तर मला वाईटच वाटेल." मीं सारें सांगितलें. बिअरचें नांव ऐकून तिचा हात थांबला. बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, "मुरलेल्यांत नवें घातलें होतें का रे त्यानें?"

"होय," मीं म्हटलें.

"मग फसफसायचेंच. मुरलेल्या लोणच्याच्या बरणींत नव्या फोडी टाकूं नयेत, हें मीं तुझ्या बायकोला पहिल्याच वर्षीं सांगितलें होतें. जुन्याला आपलें खाणें संपवून बसायची संवय झालेली असते. नवें पुढ्यांत आलें कीं तें पुन्हा उठतें. दोन आठवडे दादरा बांधून उघड्यावर ठेवायचें, वर आलें कीं खालींवर करायचें, शांत झालें कीं मगच झांकण."

मी रसायनशास्त्राचा शिक्षक निरुत्तर झालों, कारण नेमकें हेंच घडलें होतें. साधें यीस्ट कांहीं साखरा खाऊं शकत नाहीं. त्या फिकट घाण्यांत तशाच उरतात व किंचित् गोडी देतात. हायड्रोमीटर या घनतामापकावर त्या घाण्याचा आंकडा १.०१२ वर स्थिर होता, म्हणून पुतण्यानें तो संपलेला समजला. साध्या यीस्टच्या दृष्टीनें तो संपलेलाच होता. रानटी यीस्टला मात्र त्या साखरा पचतात. मिश्रण होतांच आंबट घाण्यांतल्या उपाशी यीस्टपुढें पंक्ति मांडली गेली. घनता एक सहस्रांशानें उतरली म्हणजे द्रवाच्या आकारमानाच्या सुमारें निम्मा वायु उत्पन्न होतो. ती सहा-सात सहस्रांश उतरली तरी द्रवाच्या तिप्पट वायु झाला, आणि वर घातलेल्या साखरेचा वेगळाच. साध्या बाटलींत इतका वायु मावत नाहीं. ग्योझच्या बाटल्या जाड असतात त्या याचसाठीं.

उपाय आईनें सांगितला तोच आहे. मिश्रण करावें, तें मोठ्या भांड्यांत वायूला वाट ठेवून महिनोन्‌महिने राहूं द्यावें, आंकडा महिनाभर हलला नाहीं म्हणजेच बाटल्या भराव्या, आणि त्याही जाड. चव जमली म्हणजे मिश्रण झालें असें नव्हे. एकत्र आलेल्यांनीं एकमेकांशीं जुळवून घेण्यास वेळ लागतो. हें वाक्य लिहितांना मला आमच्या घरांत आलेल्या तिन्ही सुनांचीं पहिलीं वर्षें आठवतात, पण तो विषय निराळा.

बीर्सेल गांवची कथा

ज्याच्या बाटल्या फुटल्या असा आमचा पुतण्या पहिला नव्हे. ब्रुसेल्सच्या दक्षिणेस बीर्सेल नांवाचें गांव आहे. तेथें द्री फोंतेनेन, म्हणजे तीन झरे, या नांवाची खाणावळ व मिश्रणशाळा १९५३ सालीं गास्तों डेबेल्डर यांनीं घेतली. त्यांचा मुलगा आर्मां हा वडिलांच्या हाताखालीं मिश्रण शिकला. १९९० नंतरच्या दशकांत हा धंदा लयाला जातो कीं काय अशी स्थिति असतांना त्यानें इतरांना जमवून १९९७ सालीं लांबिकवाल्यांचें मंडळ उभें केलें, आणि त्यानंतर लवकरच स्वतः काढाही करूं लागला. २००९ च्या मे महिन्यांत त्याच्या कोठीचें उष्णतामान सांभाळणारें यंत्र बिघडलें, उष्णता वाढतच गेली, आणि सकाळीं पाहतात तों हजारों बाटल्या फुटलेल्या, आणि त्यांच्या कितीतरी पट उरलेल्या बाटल्या उष्णतेनें बिघडून गेलेल्या. तीन-तीन वर्षें मुरलेला माल एका रात्रींत गेला. काढा करणें त्याला थांबवावें लागलें.

पुढें त्यानें व त्याच्या पत्नीनें जें केलें तें ऐकण्यासारखें आहे. बिघडलेलें पेय ओतून न देतां, स्नेह्यांच्या मदतीनें एक-एक बाटली उघडून त्यांनीं तें गोळा केलें, त्याचा अर्क गाळला, आणि तो विकून कारखाना तगविला. आर्मां पुन्हा वडिलांच्या मूळ धंद्याकडे, म्हणजे दुसऱ्यांचें लांबिक आणून मुरविण्या-मिसळण्याकडे वळला. आणि ज्यांनीं त्याला लांबिक दिलें ते कोण? त्याचे प्रतिस्पर्धी कारखानदारच. कांहीं वर्षांनीं त्यानें पुन्हा स्वतःचा काढा सुरू केला, तरुणांना हाताशीं धरून कारभार त्यांच्या हवालीं केला, आणि २०२२ सालीं तो वारला. वडिलांकडून आलेली विद्या त्याच्याबरोबर गेली नाहीं. बेल्जमच्या बिअर-संस्कृतीस २०१६ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें, त्यामागें असल्या माणसांचा चिवटपणा आहे.

पुतण्याला ही कथा मीं सांगितली नाहीं. त्यानेंच मला सांगितली. तो म्हणाला, "काका, त्याच्याजवळ मदतीला माणसें आलीं, कारण त्यानें काम उघड्यावर केलें होतें. मी मात्र त्या रात्रीं कांचा एकटाच वेचीत होतों."

अपघाताच्या दुसऱ्या दिवशीं त्यानें जाऊन शेजारच्या मुलीच्या आईवडिलांना सारें सांगितलें व क्षमा मागितली. उरलेल्या बाटल्या बर्फांत गार करून, जाड हातमोजे व डोळ्यांवर चष्मा घालून, एकेक उघडून त्यानें रित्या केल्या. त्यांनीं त्याच्याशीं बोलणें बरेच दिवस टाकलें होतें, आणि त्यांत त्यांची चूक नव्हती.

दिवाळीची भेट

२०२४ च्या दिवाळींत तो घरीं आला. आजीच्या पायां पडला आणि उठण्यापूर्वींच म्हणाला, "आजी, मीं तें अजून सोडलेलें नाहीं. वर्षांतून एक-दोन घाणे करतों. पण आतां लपवून करीत नाहीं. तुला खोटें सांगायचें नाहीं म्हणून सांगतों."

घरांत कोणी बोललें नाहीं. माझे बंधु उठून आंत गेले. आईनें त्याच्या तळहातावरचा वण बोटांनीं चांचपून पाहिला. मग म्हणाली, "मला आवडलें नाहीं, आणि आवडणारही नाहीं. या घरांत तें होणार नाहीं. आणि जेथें करशील तेथें जिन्याखालीं ठेवूं नकोस. मूल खेळतें तेथें तर कधींच नाहीं." एवढें बोलून तिनें त्याच्या ताटांत करंजी वाढली. वहिनींच्या डोळ्यांना पाणी आलें. बंधूंनीं मात्र त्याच्याशीं बोलावयास आणखी दोन दिवस घेतले. तें अजूनही सारें मिटलें आहे असें नाहीं. मुलानें आपल्याला फसविलें हें बंधूंच्या मनांतून जात नाहीं, आणि आपण फसविलें हें मुलाच्या मनांतून जात नाहीं. पण दोघे एका पंक्तीला बसतात, आणि बोलणें वाढत चाललें आहे.

तो परत निघाला त्याच्या आदल्या दिवशीं आईनें एक स्वच्छ मलमलचा तुकडा घट्ट दह्यांत बुडवून सावलींत वाळविला. पूर्वीं लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाबरोबर विरजण असेंच देत. तुकडा कागदांत गुंडाळून तिनें त्याच्या हातीं दिला व म्हणाली, "तुझ्या त्या पिंपांना तीन वर्षें लागतात म्हणे. याला एक रात्र पुरते. रोज लावलें पाहिजे मात्र. एक दिवस चुकलास तर गेलें."

लूव्हेनच्या थंडींत पहिल्या दोन वेळां दूध तसेंच राहिलें. तिसऱ्या वेळीं त्यानें तें बंद भट्टींत नुसता दिवा लावून ठेवलें, आणि सकाळीं दहीं लागलें. त्यांतली एक वाटी तो शेजारच्या बिऱ्हाडांत देऊन आला. मुलीच्या आईनें दार उघडून वाटी आंत घेतली, असें त्यानें आजीला फोनवर सांगितलें.